अक्कांची हरकत

अक्का टेबलावर बांगड्यांचा हात दोनदा आपटायच्या आणि मला म्हणायच्या, "लिख भाऊ, मनी हरकत शे." बजेट असो नाहीतर बागेतला झोपाळा, 'माझी हरकत आहे' हे त्यांचं यायचंच. माहेर शिरपूरकडचं, म्हणून बोली अहिराणी, आणि आमच्या नगरपालिकेत वीस वर्षं विरोधी बाकावर नगरसेविका. मी सभेचं इतिवृत्त लिहिणारा कारकून. अशी माणसं तुमच्याही गावात असतील. वैताग यायचा हो, खोटं कशाला बोलू!

मग सभागृहाची मुदत संपली, निवडणूक लांबली आणि प्रशासक आले. विषय मांडणार साहेब, मंजूर करणार साहेब. अक्का मात्र सभेच्या दिवशी इस्त्रीची साडी नेसून यायच्याच आणि माझ्यासमोर बसून इतिवृत्त वाचायच्या.

एकदा साहेबांनी बाजारातलं बायकांचं शौचालय पाडून तिथे पार्किंग करायचं ठरवलं. हाताच्या सवयीने मी लिहून गेलो, 'ठराव सर्वानुमते मंजूर'. अक्कांनी ते वाचलं आणि इतक्या हसल्या, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"सर्वानुमते? बठ्ठा म्हंजे कोन कोन रे भाऊ? साहेब, तू नि हाऊ पंखा?"

हसणं ऐकून साहेब केबिनबाहेर आले. "अक्का, सभेचे सगळे अधिकार आता माझ्याकडेच आहेत," ते समजावू लागले.

"म्हनीसन तं हरकत शे!"

साहेबांना त्यांनी तसंच पायी बाजारात नेलं. "मंग दिनभर पानी बी नई पेवानं का आम्ही?" म्हणत भाजी विकणाऱ्या बायकांनी त्यांना फैलावर घेतलं. परत येऊन साहेबांनी स्वतःच ठराव रद्द केला. मी पेढे आणले. अक्कांनी पेढा घेतला, पण चेहरा काही खुलला नाही.

"हाऊ साहेब चांगला शे, भाऊ. दुसरा येई तं?"

पुढे निवडणूक झाली, पण ती पाहायला अक्का राहिल्या नाहीत. फार चुटपुट लागते.

नव्या सभागृहात सगळे एकाच गटाचे. पहिल्याच सभेत तोच विषय आला, शौचालयाच्या जागी पार्किंग. "मंजूर, मंजूर!" सगळीकडून आवाज आले. मी 'सर्वा' एवढं लिहिलं आणि पेन अडलं. खिडकीजवळच्या अक्कांच्या खुर्चीवर एक नव्या बाई अवघडून बसल्या होत्या. अख्ख्या नोकरीत सभेत कधी तोंड न उघडलेला मी उभा राहिलो आणि विचारलं, "कोणाची हरकत?"

मग खिडकीकडून बांगड्या वाजल्या.