डावी पाकळी आणि माझी विद्वत्ता

आमच्या ताईचं लग्न देवाच्या दारात मोडता मोडता राहिलं, आणि त्यात देवाचा काहीही दोष नव्हता.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी मालवणला कॉलेजात होतो आणि लायब्ररीतून एक राजेरजवाड्यांची जाडजूड कादंबरी आणली होती. त्या कादंबरीत कोणी घरी जात नसे, सगळे 'प्रासादात प्रवेश' करत. पानागणिक नवा शब्द! शब्दकोश उघडणं मला कमीपणाचं वाटे. मागचापुढचा मजकूर बघून मी अर्थ ठरवायचा आणि संध्याकाळपर्यंत तो शब्द घरच्यांवर वापरायचा. बांगड्याच्या तिखल्याला मी 'अनिर्वचनीय' म्हणालो, तर आईने मीठ कमी पडलं का विचारलं.

त्याच सुमारास ताईला कट्टा गावचं स्थळ आलं. मुलगा, सदानंद, सरकारी कचेरीत कारकून. मुलगा मुलीला पसंत, मुलगी मुलाला पसंत. पसंत नव्हतं ते फक्त त्याच्या काकांना, कारण त्यांच्या मनात तळेरे गावची कोणी मुलगी होती. त्यांनी अट घातली, देवाचा कौल घ्या.

आमच्याकडे कौल म्हणजे देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालून देवाला प्रश्न विचारायचा आणि कुठली आधी पडते ते बघायचं. गाऱ्हाणं तात्या, म्हणजे आमचे वडील, घालणार होते. नेमका त्यांचा घसा बसला! मी पुढे सरसावलो. तात्या कानात कुजबुजले, "उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाय. इतक्याच बोल." ताईने जाता जाता माझा दंड पकडला. "माका तो बरो वाटता हां. शाणपण करू नको."

पण समोर अख्खा गाव, कट्ट्याची मंडळी, आणि पोटात अडीचशे पानं! असा प्रसंग 'इतक्याच'वर घालवायचा?

"हे ग्रामदैवते!" मी सुरुवात केली.

"व्हय म्हाराजा!" गाव ओरडला. (आमच्या गावाला फक्त थांबा कळतो. तुम्ही श्वास घेतलात की तो व्हय म्हणतो.)

"प्रस्तुत विवाहास प्रत्यवाय नसल्याचे तुजला अमान्य नसेल..."

"व्हय म्हाराजा!"

"तर वाम पाकळी स्थिर राहू नये असे तू न इच्छिता, दक्षिण पाकळीचा अधःपात टाळू नयेस, अन्यथा तद्विपरीत!"

"व्हय म्हाराजा!"

आणि टपकन डावी पाकळी पडली.

देवळात अशी शांतता पसरली की बाहेरचं कुत्रं आत डोकावून गेलं. काका उठले, नकार आला म्हणाले आणि चपला शोधायला लागले. तात्या बसक्या घशाने म्हणाले, थांबा, आमच्या पोराने विचारलंय काहीतरी वेगळंच. गुरवाने दोघांनाही गप्प केलं. त्याचं म्हणणं, रिवाज काही का असेना, तोंडातून जे गेलं त्यालाच देवाने उत्तर दिलं, आणि एकाच गोष्टीसाठी देवाला दोनदा त्रास द्यायचा नाही.

मग सगळा गाव माझ्याकडे वळला.

"मेल्या," तात्या म्हणाले, "काय इचारलंस तू देवाक?"

मी वाक्य पुन्हा म्हणून बघितलं. या खेपेस त्यात आणखी एक 'न' शिरला. बोटांवर नकार मोजले, तर एकदा होय निघालं, एकदा नाही. खांबाआड ताई पदर तोंडात धरून उभी होती. ती रडत होती आणि माझ्याकडे असं बघत होती की मला देवापेक्षा तिचीच भीती वाटली. काकांना एक चप्पल सापडली होती.

तेवढ्यात कारकून सदानंद उठला. शर्ट खाली ओढत म्हणाला, "माका कळला. डावी पडली म्हणजे होय, असाच म्हणालो तो."

काका तोंड उघडणार, तेवढ्यात सदानंदाने वाक्य संपवून मुद्दाम श्वास घेतला.

"व्हय म्हाराजा!" गाव ओरडला, आणि लग्न ठरलं.

लग्नानंतर ताई-भावजी पहिल्यांदा घरी आले, तेव्हा मी भावजींना भक्तिभावाने गाठलं. म्हटलं, अख्ख्या जिल्ह्यात माझी भाषा समजणारे तुम्ही एकटेच निघालात. 'प्रत्यवाय' तुम्हाला कुठे भेटला?

भावजींनी आधी ताईकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"एकय शब्द कळाक नाय रे. पण थंय कोणाकच कळाक नाय, ह्या मात्र माका बरोबर कळला."

ताई इतकी हसली की तिला ठसका लागला. मी मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदा माझी विद्वत्ता कोणाच्या तरी उपयोगी पडली होती, आणि तीही कोणाला समजली नाही म्हणून!