आबांच्या फटफटीचं तेलपाणी

आबांच्या फटफटीवर बसलं की हल्ली आमच्या घरात कुणाच्याही डोळ्यांत पाणी येतं, आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे.

आबा म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. मागं राहिली ती त्यांची काळी फटफटी, तिची चामड्याची सीट आणि दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या चामड्याच्या पिशव्या. आबा गेले तेव्हा मला रडूच फुटलं नाही. (भावकीनं याची रीतसर दखल घेतली. "पोरगं लई घट्ट हाय," असं चुलते म्हणाले, आणि ते कौतुक नव्हतं.) पण रोज कामाला निघताना मी उजव्या पिशवीचं झाकण उघडून आत नाक घालायचो. चामडं, तंबाखू, थोडं पेट्रोल. आबा आतच बसलेत असं वाटायचं.

यंदा मे महिन्यात पिशवीला चिरा पडल्या. ज्यांनी ती शिवली होती, त्या चपलवाल्या दगडूमामांकडं गेलो. मामांनी अंगठ्यानं चामडं दाबून पाहिलं.

"तेल कवा दिलंतंस?"

"ह्याला तेल द्यायचं असतं?"

"आरं, कोल्हापूरचा हाईस न्हवं तू?" मामा कडाडले. "चपलीला देतोस, मग ह्येला का न्हाय? तुझा बा दर उन्हाळ्यात करंजाचं तेल द्यायचा. ह्या पावसात फाटतीया बघ ही!"

मी हादरलो. पिशवी फाटली म्हणजे वासही गेला! मामांनी कृती सांगितली. ओल्या फडक्यानं पुसायचं, सावलीत वाळवायचं, मग तळहातानं थोडं थोडं तेल जिरवायचं. 'थोडं' हा शब्द त्यांनी बराच घोळवला होता, हे मला नंतर आठवलं.

घरी आई टीव्हीत गुंतली होती.

"आई, आबांचं तेल कुठं हाय गं?"

"फळीवर. काळ्या बाटलीत."

फळीवर काळ्या बाटल्या दोन होत्या. मी हाताशी आली ती घेतली. तेल लालसर होतं (जुनं असेल!) आणि वास इतका ओळखीचा, की हा आबांचाच, असं वाटून मला गहिवरून आलं. त्या भरात अख्खी बाटली संपवली. सीटला, पिशव्यांना बाहेरून, आणि प्रेमापोटी आतूनही!

दुसऱ्या दिवशी कागलला चुलतभावाचा साखरपुडा होता. पांढरीशुभ्र विजार घालून त्याच फटफटीवर निघालो. हायवेला लागलो तेव्हा बूड कोमट वाटलं. ऊन असेल म्हटलं. मग ते तापलं. मग पेटलं! कागल येईपर्यंत मी उभ्यानंच गाडी चालवत होतो.

"या पावणं, बसा की!" मुलीकडचे म्हणाले.

"हुबाच बरा हाय."

"आमच्या खुर्चीला काय काटं हाईत व्हय? बसा म्हंतो!"

दोघांनी खांदे दाबून बसवलं. मी किंचाळून उठलो. विजारीच्या मागं लालभडक डाग! सगळा मांडव वळून बघायला लागला. मुलीच्या मामानं मला कोपऱ्यात घेऊन मूळव्याधीवरचं झाडपाल्याचं औषध सांगितलं. "एवढ्या कमी वयात!" असं एक बाई हळहळल्या. (मी पंचेचाळीसचा आहे. दिवसभरात तेवढंच काय ते बरं वाटलं.)

घरी आलो तर आई फळीपाशी उभी.

"चटणीचं तेल कुणी संपीवलं रं?"

कांदा-लसूण चटणीचा मसाला तळून उरलेलं ते तेल तिनं भाकरीबरोबर खायला ठेवलं होतं.

मी धावत जाऊन पिशवीत नाक घातलं. नुसता लसूण आणि मिरची! तंबाखू नाही, काही नाही. आबा आत्ता गेले, आणि माझ्याच हातानं गेले, असं झालं.

आई मागून आली. वाकून तिनंही वास घेतला.

"असाच वास यायचा बघ," ती म्हणाली. "तू पुण्याला शिकाय हुतास. दरसाली चटणीचा डबा ह्याच पिशवीत घालून ते तुझ्याकडं यायचं. वाटंत डबा गळायचा. मग पिशवी अशीच वास मारायची आठवडाभर. पुसू द्यायचं न्हाईत मला."

त्या डब्याची मला मित्रांपुढं लाज वाटायची. तो घेऊन मी आबांना होस्टेलच्या फाटकातूनच वाटेला लावायचो. कोल्हापूरहून फटफटीवर आलेल्या माणसाला चहासुद्धा विचारला नाही कधी.

मी पुन्हा पिशवीत तोंड घातलं आणि दोन वर्षांचं सगळं एकदम रडलो. हंबरडा ऐकून शेजारून चुलते धावत आले.

"काय झालं ह्येला?"

"चटणी झोंबली," आई पदरानं डोळे पुसत म्हणाली.

"तरी म्हटलं!" म्हणत चुलते परत गेले.

दगडूमामांनी करंजाच्या तेलाची नवी बाटली आणून दिलीय. ती फळीवर आहे, आईच्या चटणीच्या तेलाशेजारी. पुढच्या उन्हाळ्यात कुठली घ्यायची, हे माझं अजून ठरत नाही. विजार मात्र काळी शिवून घेतलीय.