खंडेनवमीला निजवलेलं मशीन

आधी ताईंचं सांगतो, मग बाकीचं. ताई म्हणजे बीड जिल्ह्यातल्या केजला कॉम्प्युटरचा क्लास चालवतात त्या. माझ्या नात्यातल्या नाहीत, गावच्या तर नाहीतच; माझं गाव कोकणात, लांब. सणाचा स्वयंपाक अर्धा टाकून, शेअर जीपमध्ये अंग चोरून बसून त्या माझ्यासाठी आल्या.

मी आठवीत शाळा सोडली. इथं केजजवळच्या एका दूध केंद्रावर कामाला आहे. वस्त्यांवरचं दूध मोठ्या टाकीत थंड ठेवायचं, टँकर आला की भरून द्यायचं. टाकी थंड ठेवणारा कॉम्प्रेसर एका कॉम्प्युटरवरून चालतो. तो इतका जुना की त्याच्या विंडोजला आता कुणी वाली नाही. टाकीचं पान उघडतं तेही फक्त निळ्या 'ई'च्या ब्राउझरमध्ये, आणि तो तर कंपनीनं कधीचाच बंद केलाय. मोबाइलवर तेच पान पांढरंफटक दिसतं. मालकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "काय बी कर, पण ह्याला बंद करू नको. अपडेट करू का इचारलं तर न्हाई म्हण." वीज गेली तर इन्व्हर्टर होता. मी चपला काढून त्याच्यासमोर बसायचो. हसू नका.

खंडेनवमीला मालकांचे चुलते पूजेला आले. विळे, खुरपी, दुधाची मापं मांडली. कॉम्प्युटरलाही कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. मला बरं वाटलं. आणि मग त्यांनी भिंतीवरचं बटणच बंद केलं.

"काका, नको!"

"काहून? आज हत्यार निजवायचं असतंय. तुमच्या कोकणात रीत न्हाई का रं?"

रीत आहे. म्हणूनच बटणाकडे गेलेला हात मी मागं घेतला.

पडदा काळा झाला आणि टाकीची घरघर थांबली. कॉम्प्रेसर हातानं चालू करायचं बटण कधीच जळालेलं. काका खोबरं हातावर ठेवून निघून गेले. मी घाईनं मशीन उठवलं, निळा 'ई' उघडला, तर पानाच्या जागी इंग्रजीतली सूचना. अक्षरं लागत होती, अर्थ लागत नव्हता. मालक तुळजापूरला दर्शनाला गेलेले, फोन लागेना. टाकीवरचा काटा हळूहळू वर सरकत होता, आणि सकाळचं सगळं दूध आत.

घागर परत न्यायला आलेल्या धनगरवाड्यावरच्या मावशींनी दारातूनच विचारलं, "का रं, आज यंत्र लई गप हाय?"

"पूजा झाली ना मावशी."

"झोपलं व्हय? उठव बाबा. आमच्या म्हशी काय सण पाळत न्हाईत."

त्या हसत गेल्या. मी परत काट्याकडे बघितलं.

मागं एकदा क्लासची चौकशी करायला गेलो होतो, तेव्हा माझ्या गावचं, तिथल्या समुद्राचं बोलणं निघालं होतं आणि ताई म्हणाल्या होत्या, आठवीवाल्यालाही शिकवते मी. त्यांना फोन लावला. रडत होतो बहुतेक.

"कोपऱ्यात तारीख काय दाखवतंय?"

सांगितली. मी शाळेतही जात नव्हतो तेव्हाचं साल होतं.

"आतला तारीख धरून ठेवणारा सेल मेलाय. बंद केलं की मशीनला वाटतंय अजून जुनेच दिवस चालूयत. तारीख जुळत न्हाई म्हणून पान उघडत न्हाई. आता कशालाच हात लावू नको, भीतीनं भलतंच दाबशील. येते मी."

त्या येईपर्यंत मी टाकीला हात लावून उभा होतो. पत्रा कोमट लागतोय असं वाटायचं, पुन्हा वाटायचं, नाही, माझाच हात तापलाय.

ताईंनी पदर खोचला, तारीख बदलली, पान उघडलं. घरघर सुरू झाली. पण दूध वाचलं की नाही ते काट्यावरून कळत नाही. ताईंनी वाटीभर दूध काढून चहाच्या शेगडीवर ठेवलं. फाटलं तर टाकी गटारात. मला बघवेना, मी भिंतीकडे तोंड केलं. उतू जायच्या बेतात आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बघ की इकडं. फाटलं न्हाई."

त्याच दुधाचा चहा केला. मी काही बोलू बघत होतो तर त्यांनी मध्येच विचारलं, "तुमच्या दारातून खरंच समुद्र दिसतो?"

"पायरीवरून दिसतो ताई."

"मी अजून बघितला न्हाई."

अजूनही घरघर जरा अडखळली की मी हातातलं काम टाकून काट्याकडे बघतो. मालक नवं मशीन आणू म्हणतात, आणत नाहीत. पण एक ठरवलंय, ताईंना सांगितलेलं नाही, इथंच लिहितो. कधीतरी मी त्यांना गावी नेणार, आईच्या हातचं जेवू घालणार, आणि त्या पायरीवर पाहिजे तेवढा वेळ बसवणार.