मधाची बिअर आणि बाबा

साताऱ्याच्या स्टँडवर बाबांनी माझी बॅग बसच्या डिकीत ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "कुठंही राहा, पण घरात बाटली येऊ देऊ नकोस." त्यांचा धाकटा भाऊ, आमचा सुधाकाका, दारूपायी चाळिशीच्या आत गेला होता. मी मान हलवली. हो म्हणायला काय जातंय!

त्या निरोपाला पंधरा वर्षं झाली. आता मी न्यूझीलंडमध्ये, लोअर हट नावाच्या गावात राहते, हॉस्पिटलात बारा-बारा तास नर्सिंग करते. नवरा ट्रेननं वेलिंग्टनला जातो. आमची गाठ पडते ती एक येताना, एक निघताना. तुमच्यापैकी जे इकडे आलेत त्यांना हा थकवा सांगायला नको, आणि जे तिकडे राहिलेत त्यांना तो फोनवर सांगता येत नाही. 'मजेत आहे' म्हणून आपण मोकळे होतो.

एका हिवाळ्यात शेजारच्या मार्गारेटनं माझा चेहरा बघून मला तिच्या किचनमध्ये ओढलं आणि घरी बिअर करायला शिकवलं. मोड आणून वाळवलेल्या गव्हाचं मॉल्ट उकळायचं, हॉप्सची कडवट फुलं टाकायची, गार झालं की मध, मग यीस्ट, आणि झाकण. पुढं दोन आठवडे काही करायचं नाही. मला त्या काही न करण्याचीच चटक लागली. पिणं म्हणाल तर अर्धा ग्लास. बाकीच्या बाटल्या मी वाटून टाकायचे.

आई गेल्यावर बाबा तीन महिन्यांसाठी आले. मी बिअरची बादली गॅरेजमध्ये हलवली. चौथ्या दिवशी ड्यूटीवरून आले तर ते गॅरेजच्या दारात उभे.

"इथं काय बुडबुडतंय?"

मी तोंड उघडायच्या आत आमची आठ वर्षांची इरा म्हणाली, "मम्माज बिअर, आजोबा. हनी व्हीट. इट स्मेल्स हीप्स नाइस!" हीप्स म्हणजे इकडच्या पोरांचं 'खूप'.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "किती दिवस चाललंय?"

"तीन वर्षं."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुम्हाला बरंच काही सांगितलेलं नाही, बाबा," मी म्हणाले, आणि युनिफॉर्मवरच रडायला लागले.

दोन दिवस ते गॅरेजकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मी बाटल्या भरायला बसले, तर ते बाहेर आले, बाह्या दुमडल्या आणि ब्रश घेऊन बाटल्या घासायला लागले. चार-पाच बाटल्या घासून झाल्यावर म्हणाले, "सुधा लपून प्यायचा. मी घराबाहेर काढीन म्हणून. शेवटी कुठं, किती पितोय, आम्हाला कळेनासं झालं." मग पुढची बाटली उचलत म्हणाले, "ते बरंच काही काय आहे, सांग."

मी सांगत गेले. वॉर्डमधलं, घरातलं, आईच्या शेवटच्या दिवशी विमान मिळालं नाही तेव्हाचं. बाटल्या संपल्या तरी मी बोलत होते.

बिअर त्यांनी तोंडाला लावली नाही. तीन महिने झाल्यावर साताऱ्याला परत गेले.

आता माझी ड्यूटी संपायच्या सुमारास त्यांचा फोन येतो. इतकी वर्षं 'घरी कधी येणार?' असं विचारायचे. परवा म्हणाले, "घरी पोचलीस का?"

मी लोअर हटच्या घरात, किचनमध्ये उभी होते, अंगात जॅकेट तसंच. "पोचले," मी म्हणाले. "खूप दमलेय पण."

"मग बस जरा. बोलू नकोस काही. मी आहे फोनवर."

मी बसले.