अमेरिकेतली अकरा नंबर

मी आयुष्यात ज्या बाईवर सगळ्यात जास्त जळलो, ती अमेरिकेत राहते आणि मी जगात आहे हेही तिला माहीत नाही. तिथल्या बायकांच्या फुटबॉल लीगमध्ये ती डाव्या बाजूनं खेळते, पाठीवर अकरा नंबर. तिच्यासाठी माझी लेक रविवारी पहाटे पाचला उठते. हीच लेक शाळेसाठी सातला हाक मारली तरी भिंतीकडं तोंड करते.

मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत लेकीला डाव्या पायानं खेळायला मी शिकवलं. कोपऱ्यावरच्या दुकानाचं बंद शटर हा आमचा गोल. मी पेठेच्या संघाचा माजी खेळाडू. म्हणजे तीन हंगाम बाकावर बसलो, चौथ्यात दहा मिनिटं उतरलो आणि आपल्याच जाळीत गोल घातला. वीस वर्षं झाली, टपरीवर चहा पिताना अजून कुणीतरी विचारतं, "काय भावा, आज कुठल्या बाजूनं?"

तिकडचा हंगाम सुरू झाला आणि माझी शिकवणी बंद पडली. "असं न्हाय पप्पा, ती पाऊल आधी बाहेर टाकती," लेक मला सांगायला लागली. मग तिलाच बोलव की गल्लीत, असं मनात आलं. तोंडानं म्हणालो, "बघू."

आणि खरंच बघायला लागलो, चोरून. लेक तिच्या खोलीत, मी स्वयंपाकघरात मोबाईलचा आवाज बंद करून. हेतू एकच, तिच्या चुका काढायच्या. एका जुन्या वहीत टिपून ठेवायचो. उजवा पाय निकामी. हेडिंगला घाबरते. पंचांशी फार बोलते. एकदा वही बायकोच्या हाती लागली.

"अहो, कुणाच्या पोरीची चौकशी चाललीय?"

"खेळाडू हाय एक."

"स्थळ कुणासाठी?"

अकरा नंबरच्या चांगल्या गोष्टी मी लिहिल्या नाहीत. त्याला दुसरी वही लागली असती, आणि तेवढं मोठं मन माझ्याकडं नव्हतं.

दिवाळी झाली आणि सेमीफायनल आली. बरोबरी, जादा वेळ, मग पेनल्टी. शेवटची अकरा नंबरची. तिनं बॉल बारवरून उडवला. संघ बाहेर.

आमच्याकडं समोरच्या पेठेचा संघ हरला की आपण कप जिंकल्यासारखे फटाके लावतात. मी विचार केलाच नाही. फळीवर दिवाळीची एक माळ उरली होती, ती काढली आणि सकाळी साडेसातला गल्लीत पेटवली.

सगळी गल्ली दारात आली. समोरच्या काकू नळावर पाणी भरत होत्या. "काय रं, कोण जिंकलं?"

"जिंकलं न्हाय काकू. हरली."

"कोण?"

"अमेरिकेतली एक बाई."

काकूंनी घागर खाली ठेवली. "तुझं काय वाकडं केलंतं तिनं?"

मागं वळलो तर उंबऱ्यात लेक. डोळे सुजलेले, हातात मोबाईल. "पप्पा, तुम्हाला कसं कळलं?"

"पेपरात आलं असंल."

"मॅच आत्ता संपलीय."

ती आत गेली आणि ओट्यावरची वही घेऊनच बाहेर आली. पायरीवर बसून पान पान वाचलं. मी माळेचे कागद पायानं गोळा करत राहिलो. आता ही पोरगी माझ्याबरोबर परत कधी गल्लीत खेळायची नाही, हे मी धरून चाललो होतो.

"सगळ्या मॅचा बघितल्या?"

"दोन राहिल्या. गावाला गेलतो."

तिनं शेवटचं पान उलटलं. मग म्हणाली, "पेनल्टी का चुकली तिची?"

"टेकायचा पाय मागं राहिला. अंग मागं झुकलं, बॉल वर गेला. दमलीती गं, किती धावली. न्हायतर ती चुकत न्हाय."

शेवटचं वाक्य माझंच होतं, हे कळायला मलाही जरा वेळ लागला. लेकीनं वही मिटली आणि आतून बॉल आणला. काकूंनी न सांगता घागर कडेला ओढली.

मी शटरपुढं उभा राहिलो. लेकीची अकरा नंबरसारखीच छोटी छोटी पावलं, तसंच मधेच थबकणं. अख्खा हंगाम अभ्यास केलेला माणूस मी, कोपरा पाठ होता. डावीकडं झेप घेतली. उजवीकडं शटर धाडकन वाजलं.

"ती डावीकडं मारती की," मी फटाक्यांच्या कागदात पडल्या पडल्या म्हणालो.

"ती मारती," लेक म्हणाली. "मी न्हाय. उठा, अजून एक."