नणंदेची वेगळी चूल

मी माझ्या नणंदेला घराबाहेर काढलं, असं आमच्या गावात अजून सांगतात. सांगणाऱ्यांना मी दोष देत नाही, कारण काढलं हे खरंच आहे. का काढलं ते सांगायला बसलं की ऐकणारीची भाजी करपते, म्हणून मी ते कधी पुरतं सांगितलेलं नाही.

आमचं गाव पालघरहून सातपाटीला जाताना मध्येच लागतं. घर कौलारू, पुढे ओटी, मागे केळी-नारळांची वाडी आणि वाडीत विहीर. तिकडे तारापूरला अणुवीजघराचं बांधकाम चालू होतं, त्या वर्षांतली ही गोष्ट. थोरली नणंद मी तोवर फक्त फोटोत पाहिली होती. लढाई संपल्यावर ती नर्सिंगचं पुढचं शिकायला विलायतेला गेली आणि तिथल्याच एका गोऱ्या माणसाशी लग्न करून राहिली. सासरे होते तोवर घरात तिचं नाव निघत नसे. ते गेल्यावर सासूबाईंनी तिला निरोप धाडला, की आता ये. तिचा नवरा नुकताच नोकरीतून मोकळा झाला होता. मूलबाळ नव्हतं. येतो, आणि जमलं तर कायमचे राहतो, असं तिनं कळवलं.

नणंद कायमची येणार म्हटल्यावर मला किती आनंद झाला असेल ते बायकांना वेगळं सांगायला नको. मी चुलीतलं लाकूड जरा जास्तच आत सारलं आणि म्हटलं, "येऊ देत की. त्यांचंच घर आहे."

आले ते थंडीत. सहा फुटी, लालबुंद, पांढऱ्या केसांचा माणूस बैलगाडीतून उतरला, डोकं ओटीच्या वाशाला आपटलं, तरी तसाच पुढे येऊन सासूबाईंच्या पाया पडला आणि अर्ध्या गावासमोर स्वच्छ मराठीत म्हणाला, "मी आली, आई. मी फार खूश झाली."

ओटीवर कोणी हसलं नाही. सगळे नीट घरी जाऊन हसले. वन्सं मला नंतर म्हणाल्या, "त्याला मराठी मीच शिकवली ना, वहिनी. तिकडे दुसरं बोलणारं कोण होतं? मी येते म्हणायची, तोही येते म्हणायला शिकला. मलाही इथे आल्यावर ऐकू आलं."

त्यात आणखी एक भर पडली. आमचे हे त्यांना भावोजी म्हणत, मीही भावोजी म्हणे. चार दिवसांत त्यांची अशी समजूत झाली की आपलं मराठीतलं नाव भावोजी आहे. मग वाटेत जो भेटेल त्याला हात जोडून सांगायचे, "मी भावोजी." अख्ख्या गावाला फुकटात बहिणीचा नवरा मिळाला. गावानंही तो हसत हसत घेतला.

गोरा माणूस म्हणजे तारापूरचा साहेब, असा त्या वेळी आमच्याकडचा सरळ हिशेब होता. बोईसरला गोरे लोक गाडीतून उतरायचे आणि जीपमधून अणुवीजघराकडे जायचे, हे सगळ्यांनी पाहिलेलं. त्यामुळे आमच्या ओटीवर मुलांना नोकरी लावून घ्यायला लोक येऊन बसू लागले. भावोजी प्रत्येकाला समजावायचे, "मी बस चालवत होती." लोक मान डोलवायचे आणि बाहेर पडताना एकमेकांना म्हणायचे, साहेब मोठा असूनही किती साधा आहे. खरं तर ते मोठे अधिकारी असावेत अशी आमचीही समजूत होती, आणि त्या समजुतीवर मी माहेरी, सफाळ्याला, बराच भाव खाल्ला होता. तो परत करता आला नाही.

पण भावोजींची खरी अडचण सासूबाई होत्या. लेकीच्या लग्नापासूनचे सगळे दिवाळसण, सगळे अधिक महिने त्यांच्या मनात साचून राहिले होते. जावयाचं एकही कौतुक करायला मिळालं नव्हतं. ते सगळं त्यांनी एकदम काढलं. रोज पाट, पाटाभोवती रांगोळी, पहिलं पान जावयाचं आणि पानात गोड. अनारसे मी करायची. माझे अनारसे तुपात पडले की हसतात, म्हणजे विस्कटतात, आणि सासूबाई मात्र हसत नाहीत. भावोजी तो चुरा चमच्यानं खायचे आणि "मी आणखी घेते" म्हणायचे. त्या घरात माझे अनारसे कोणी दुसऱ्यांदा मागितल्याची ती पहिलीच वेळ.

खाऊन झालं की भावोजींनी बंगईवर बसायचं. बंगई म्हणजे ओटीवरचा मोठा झोपाळा. दुसरं काहीही करायचं नाही. ते विहिरीवर गेले तर सासूबाई कळशी काढून घ्यायच्या. केळीला पाणी लावायला वाकले तर यांना हाक मारायच्या, "अरे, जावई वाकलेत. बघ तरी." एकदा त्यांनी स्वतःचं ताट उचललं, तर सासूबाईंनी इतका धसका घेतला की त्या संध्याकाळी जेवल्या नाहीत. जावयानं सासुरवाडीत कामाला हात लावायचा नाही, यापलीकडे त्यांचं काही म्हणणं नव्हतं. चार दिवसांच्या जावयाला ते ठीक आहे. हा जन्मभर राहायला आलेला जावई होता.

होळीच्या सुमाराला वन्सं मागच्या दारी वाल सोलत माझ्याजवळ बसल्या होत्या. सोलता सोलता म्हणाल्या, "तो म्हणतो, उन्हाळा संपेपर्यंत बघू. असंच बसून राहायचं असेल तर आगबोटीची चौकशी करू."

"कंटाळले का?"

"कंटाळला नाही गं, म्हातारा झाला. तिकडे मी त्याला दिवसभर ऊठ-बस करायला लावायची. इथे येऊन चार महिन्यांत त्याची पाठ वाकली. रात्री विचारतो, मी पाहुणा आहे का? काय सांगू?"

त्यांनी शेंग फोडली आणि पुढे म्हणाल्या, "परत गेले तर आईला मी पुन्हा बघत नाही, हे मला ठाऊक आहे. आणि त्याला इथे डांबून ठेवलं तर मला त्याच्याकडे बघवत नाही."

एव्हाना माझंही त्यांच्याशिवाय चालेनासं झालं होतं. वन्सं भाजी फार वाईट करायच्या, त्यामुळे घरात माझ्या भाजीला मान आला होता. पण तेवढंच नाही. लग्न होऊन आल्यापासून त्या घरात मागच्या दारी माझ्याशी बसून बोलणारं कोणी नव्हतं.

आमच्याकडे मासळी घेऊन सातपाटीची एक कोळीण यायची. डोक्यावरची टोपली उतरवायला आणि पुन्हा चढवायला दुसऱ्याचा हात लागतो. एरवी तो हात माझा असायचा. एक दिवस मी आत होते आणि ओटीवर भावोजी एकटेच झुलत होते. तिनं खळ्यातूनच, म्हणजे पुढच्या अंगणातूनच, हाक दिली, "ओ भावोजी, झुलता काय? उटा न. टोपली उतरा, मान मोडली माजी."

भावोजी असे उठले की बंगई मागच्या भिंतीवर जाऊन आदळली. त्यांनी टोपली उतरवली, पापलेट हातात घेऊन त्यांचे डोळे बघितले, बोंबील निवडले, हात कोपरापर्यंत घाण करून घेतले आणि नंतर टोपली तिच्या डोक्यावर चढवून दिली. दुसऱ्या दिवशी ते आधीच खळ्यात उभे. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी पाहिलं.

"अगो, आमच्या जावयाला मासळीच्या टोपलीला हात लावायला लावतेस?" त्या कोळणीवर कडाडल्या.

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "जावय तुमचा. माजा कुटं हाय? माजा तो भावोजी."

"जावयाचा काही मान असतो की नाही?"

"मान हाय त कवरा? गनपतीला सुदा तुमी दीड दिसान मोकला करता. या मानसाला कदी करनार?"

मला पदर तोंडाला लावून आत पळावं लागलं. सासूबाई संतापल्या, भावोजींना अर्धं कळलं, आणि मासळी त्या दिवशी महाग मिळाली. पण मोकळा करण्याचं तिचं बोलणं माझ्या डोक्यात राहिलं. सासूबाईंचा नियम मोडायचा नाही, तो त्या मोडूच देणार नाहीत. पण नियम सासुरवाडीपुरता आहे. स्वतःच्या घरात कोणी जावई नसतो. स्वतःच्या घरात माणूस पाणी भरतो, ताट उचलतो, बायकोची बोलणीही खातो.

वाडीच्या टोकाला पेंढा ठेवायचं एक जुनं खोपट होतं. भिंती बऱ्या होत्या, छप्पर गेलेलं. रात्री मी यांना म्हटलं, "ते वन्संना द्या."

"राहायला? तिथे? घरात जागा नाही का?"

"जागा आहे म्हणून तर ते परत चाललेत."

यांना माझं बोलणं उशिरा कळतं, पण कळतं. सकाळी त्यांनी सासूबाईंपुढे विषय काढला आणि नेमका चुकीचा शब्द वापरला. म्हणाले, "आई, ताईची चूल वेगळी करावी असं हिचं म्हणणं आहे."

खोपट द्यायचं म्हणाले असते तर कदाचित निभावलं असतं. आमच्याकडे वेगळी चूल म्हणजे भांडण, वाटणी, घर फुटलं. सासूबाईंनी हातातली जपमाळ खाली ठेवली. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी जिवंत असताना माझ्या लेकीची चूल वेगळी?" आणि त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद केलं. मीठ हवं असलं तर मांजराला सांगायच्या, मी ऐकून द्यायची.

हे ओटीवर झालं, म्हणजे दुपारपर्यंत पालघरच्या बाजारात पोहोचलं. देवळात बायका माझ्यासाठी जागा करून द्यायला लागल्या, ती काही आदरानं नाही. चार दिवसांनी माझी आई सफाळ्याहून गाडीनं आली आणि पाणीसुद्धा न घेता म्हणाली, "नणंदेला बाहेर काढलीस म्हणे. एवढी लांबून आलेली बाई. तुला मी हेच शिकवलं?"

"आई, त्यांनी राहावं म्हणून काढलं."

आईनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. मग यांना म्हणाली, "हिला लहानपणी एकदा ताप डोक्यात गेला होता."

यांनी मात्र खोपट वन्संना देऊनच टाकलं, आणि भावोजींनी पहिल्याच दिवशी शर्ट काढून छपराला हात घातला. कौलं चढवली, मेढीचे खांब बदलले, भिंती लिंपल्या. लिंपणं त्यांना जमलं नाही, भिंतीला फोड आल्यासारखं दिसायचं, पण वन्सं त्यांना पुन्हा करायला लावायच्या आणि ते पुन्हा करायचे. सासूबाई आमच्या मागच्या दारातून हे बघत. दोनदा "अरे, जावई..." एवढं म्हणाल्या आणि थांबल्या. ते आता जावयाचं स्वतःचं घर होतं, काय म्हणणार?

चूल पेटली त्या दिवशी आम्हा सगळ्यांना चहाला बोलावलं. सासूबाई आल्या त्या हातात पाण्याचा तांब्या घेऊन. भावोजींनी चहाची कपबशी पुढे केली, त्यांनी मान हलवली आणि आपल्या तांब्यातलं पाणी प्यायल्या. भावोजींचा चेहरा पडला. नंतर ते वन्संना विचारत होते, "माझं पाणी घाण आहे? मी उकळते."

घाणीचा प्रश्न नव्हता. लेकीला मूल होईपर्यंत आईनं तिच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, अशी रीत. वन्संचं वय पन्नाशीला आलेलं. म्हणजे सासूबाई त्या घरात कधीच घोटभर पाणी घेणार नव्हत्या. आमच्या घरात त्या लेकीच्या हातचं सगळं खात होत्या, कारण ते घर मुलाचं. मी लेकीला घर दिलं आणि आईचा चहा बंद केला, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की गाव बोलतं त्यात काही तरी आहे.

भावोजींनी एक प्रयत्न केला. सासूबाईंना विहिरीपाशी नेलं आणि म्हणाले, "आई, ही विहीर तुमची. पाणी तुमचं. मी फक्त उचलते."

"विहीर माझी," सासूबाई म्हणाल्या, "पण कळशी तुमची ना?"

वाद तिथेच संपला असं मला वाटलं. पण सासूबाई त्या दिवसभर काही बोलल्या नाहीत, मांजराशीही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माजघरातली तांब्याची घागर चिंचेनं घासली आणि मला म्हणाल्या, "ही तिकडे नेऊन ठेव. माझी घागर माझ्या लेकीकडे ठेवायला दिलीय, दिलेली नाही. नीट सांग." कित्येक दिवसांनी माझ्याशी थेट बोललेलं ते पहिलं वाक्य. दुपारी त्या वाडीच्या टोकाला गेल्या, आपल्या घागरीतल्या पाण्याचा, आपण नेलेल्या साखरेचा चहा करवून घेतला आणि दोन कप प्यायल्या. पुढे साखर न्यायचं विसरत गेल्या.

उन्हाळा संपत आला तरी आगबोटीचं नाव निघालं नाही. मी वन्संना विचारायला धजत नव्हते. विचारलं आणि त्यांना आठवलं तर काय, अशी माझी भीती.

एके सकाळी भावोजी तावातावानं आमच्या ओटीवर आले. हातात मिरचीचं उपटलेलं रोप. "तुमची कोंबडी माझी मिरची उकरते. रोज. मी किती सांगायचं?"

हे दात घासत होते. एरवी ते भावोजींसमोर अदबीनं उभे राहत. त्या दिवशी चूळ टाकून म्हणाले, "कोंबडी आहे. तिला काय कळतं तुमचं कुंपण? नीट बांधा की."

"कुंपण मी बांधली. कोंबडी तुम्ही बांधा."

"कोंबडी कोणी बांधतं का, भावोजी?"

दोघांचं असं चांगलंच वाजलं. सासूबाई जपमाळ घेऊन ऐकत बसल्या, मध्ये पडल्या नाहीत. शेवटी भावोजी "मी पुढच्या वेळी ती शिजवते" असं बजावून तरातरा निघून गेले.

मी निमित्ताला वाटीभर साखर घेऊन मागच्या दारानं वन्संकडे धावले. म्हटलं, आता रागावून परत जातात की काय. वन्सं पायरीवर बसून शांतपणे मेथी निवडत होत्या.

"फार चिडलेत का?" मी विचारलं.

"फार. कुंपणाला काटेरी फांद्या आणायला गेलाय. म्हणतो, या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी मिरची येईलच." त्यांनी मेथीची जुडी माझ्यापुढे सरकवली. "बस जरा. तुझ्या कोंबड्यांचं मात्र खरंच काही तरी कर, वहिनी."