खोली क्रमांक नसलेला अर्ज

धूर आला तो उदबत्तीसारखा, बारीक आणि सरळ. मी पॅसेजमध्ये शिडीवर चढून छताच्या पोकळीत डोकं घातलं होतं, हातात बॅटरी. पलीकडच्या बंद खोलीत धूर सोडून पंख्याने हवा भरली होती. तिथे पुढे रोगजंतूंवर संशोधन होणार होतं. आतली हवा कुठल्याही फटीतून बाहेर येत नाही, एवढं पाहायला ही चाचणी असते. आणि भिंतीतून दोन पाइप निघत होते तिथून धूर येत होता.

खाली शिडी धरून फोरमन काका उभे होते. मूळचे साताऱ्याकडचे, आता खांदेश्वरला राहणारे, माझ्या वडिलांच्या वयाचे. मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, दिसलं का? मी हो म्हटलं. "मग उतरा मॅडम," ते म्हणाले, "मान अवघडंल."

हे सरकारी संशोधन केंद्र तळोज्याकडे जाणाऱ्या रस्त्याला उभं राहत होतं. मी ठेकेदाराकडे क्वालिटीला होते, डिप्लोमानंतरची पहिली नोकरी. निविदा एका कंपनीला लागली, भिंती दुसऱ्याने बांधल्या, पाइप तिसऱ्याने टाकले, आणि पाइपांभोवतीची भोकं बुजवणं कोणाच्याच यादीत नव्हतं. शेवटी ते काकांच्या माणसांवर आलं. त्यासाठीचा खास मसाला वेळेवर आला नाही, तेव्हा साइटवर नेहमी करतात ते झालं. सिमेंटच्या रिकाम्या गोणीचा बोळा कोंबायचा आणि वरून पुट्टी फिरवायची. सोसायटीच्या बाथरूममध्ये हे खपून जातं.

चाचणीच्या रजिस्टरवर तीन सह्या लागत. माझी, सल्लागाराच्या माणसाची आणि खात्याच्या कनिष्ठ अभियंत्याची. शेऱ्यात 'समाधानकारक' आधीच लिहून ठेवलं होतं, कारण उद्घाटनाची तारीख ठरली होती. त्या दोघांनी सह्या करून टाकल्या. मी उद्या करते म्हणाले.

जुईनगरच्या आमच्या घरात पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असत. वडील मराठवाड्यातून आले, कारखान्यात लागले, आणि प्रत्येक सुट्टीला पत्रकं छापून वाटत राहिले. मी अक्षरं शिकले ती 'जाहीर आवाहन' या दोन शब्दांवर बोट फिरवून. अन्याय दिसला की लिहायचं, हे आमच्याकडे हात धुऊन जेवायला बसण्याइतकं साधं होतं. मग मीही लिहिलं. कार्यकारी अभियंत्यांना चार पानांचा अर्ज, खाली 'एक जागरूक नागरिक'. जनतेच्या पैशातून उभ्या राहणाऱ्या संस्थेत जनतेच्याच जिवाशी खेळ चालला आहे, उद्या याच खोल्यांत आमची माणसं झाडू मारायला येणार आहेत, ठेकेदारशाहीचा बुरखा फाडला पाहिजे. वडिलांनी दोनदा वाचलं. 'खेळ'च्या आधी 'जीवघेणा' घातलं आणि म्हणाले, आपल्यात इतकं धारदार अजून कोणी लिहिलं नव्हतं.

मग वाट पाहणं सुरू झालं. गेटमधून खात्याची पांढरी गाडी वळली की मी हातातलं काम सोडून कोण उतरतं ते बघायचे. हस्ताक्षर ओळखू नये म्हणून अर्ज टाइप केला होता, पण वाक्यं ओळखतील असं वाटायचं. डबा उघडायचा आणि तसाच बंद करायचा. रजिस्टर समोर आलं की कधी डोकं दुखायचं, कधी दुसऱ्या मजल्यावर तातडीचं काम निघायचं. काका चिडवायचे, "सही म्हंजी काय लगीन हाय का मॅडम, मुहूर्त बघताय?"

तिसऱ्या आठवड्यात कनिष्ठ अभियंता आले ते अर्जाची प्रत घेऊनच. वाईट माणूस नव्हता. तीन साइट एकटाच बघायचा, नेहमी थकलेला असायचा. साइट ऑफिसात चहा आला आणि त्यांनी अर्ज मोठ्याने वाचायला घेतला. 'बुरखा'पाशी सल्लागाराच्या माणसाला ठसका लागला. अर्जावर वरिष्ठांचा शेरा होता: तक्रार मोघम असल्याने दप्तरी दाखल.

"भाषण झकास आहे," ते म्हणाले. "पण कुठली खोली, कुठली भिंत, काय झालंय? आम्ही काय अख्खी बिल्डिंग फोडायची?"

सगळे हसले. मीही हसले. ते हसणं मला अजून सलतं.

चार पानांत मी व्यवस्थेला सात-आठ वेळा आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं. खोली क्रमांक एकदाही लिहिला नव्हता.

बाहेर नळावर काका कप विसळत होते. मान वर न करता म्हणाले, "समदं लिवलंस पोरी. पन भोक कुठं हाय त्येच न्हाई लिवलंस."

त्यांनी मला पहिल्यांदाच 'पोरी' म्हटलं होतं. अर्ज माझा हे त्यांनी ओळखलं होतं. मी विचारलं, नीट लिहिलं तर तुमचं काय होईल? बोळे तर तुमच्या माणसांनी कोंबलेत. त्यांनी कप उपडा ठेवला. "मला इचारून लिवनार व्हय? मग माझ्या तोंडातनं 'लिव' कसं निघंल?"

घरी वडील म्हणाले, अर्ज दाबला तर पत्रक काढू, स्टेशनबाहेर वाटू. मी नको म्हटलं. घाबरलीस का, त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. मोठ्या शब्दांच्या आड मला लपायला जागा होती, आता ती उरली नव्हती. कुठल्या भिंतीतून धूर येतो हे लिहिलं की लिहिणारी कोण हेही उघड होणार होतं.

दुसऱ्या दिवशी रजिस्टर घेतलं आणि 'समाधानकारक'च्या खाली लिहिलं: खोली १०७, पूर्व भिंत, छताच्या वर, दोन पाइपांभोवतीच्या भोकांतून धूर बाहेर येतो. भोकांत गोणीचे बोळे आहेत. चाचणी पुन्हा घ्यावी. खाली नाव, सही, तारीख. अक्षर इतकं वाकडं आलं की माझं मलाच ओळखू येईना.

कनिष्ठ अभियंत्यांनी ते उभ्याउभ्या वाचलं. "मॅडम, हे खोडा."

"खोडलं तर शेजारी तुमची सही लागेल, सर."

नियमच तसा आहे, खाडाखोडीवर अधिकाऱ्याची सही हवी. मी हे बाणेदारपणे म्हटलं असं कोणी समजू नये; माझा आवाज चिरकला होता. त्यांनी पेन उघडलं आणि पुन्हा खिशाला लावलं. म्हणाले, छत उघडायला सांगा.

बोळे काकांनीच बाहेर काढले, सळईचा आकडा करून. एका भोकातून जवळजवळ अर्धी गोणी निघाली. मसाला आला, भोकं नीट भरली गेली, चाचणी पुन्हा झाली आणि धूर आला नाही. उद्घाटन पुढे गेलं. आमच्या मॅनेजरांनी माझ्या नमस्काराला उत्तर देणं बंद केलं. चार दिवसांनी काकांना दुसऱ्या साइटवर पाठवलं. जाताना ते हेल्मेट ठेवायला ऑफिसात आले. मी माफी मागायला लागले, तर हातानेच थांबवलं आणि म्हणाले, "आधीच्या सा खोल्यांत बी त्येच हाय. ठावं हाय न्हवं?"

मला माहीत नव्हतं. माहीत असायला हवं होतं, कारण त्या सहाही खोल्यांच्या पानांवर माझी सही आहे. तेव्हा नवी होते, घाई होती, मी खालूनच बॅटरी मारून पाहिलं होतं.

काका गेले त्याच दुपारी मी सहाही खोल्यांचे क्रमांक लिहून दिले, आणि चढून न पाहता सह्या केल्या होत्या हेही लिहिलं. आजपर्यंत चार उघडून झाल्या, चारही खोल्यांतली भोकं पुन्हा भरावी लागली. दोन बाकी आहेत. त्या उघडेपर्यंत मला ठेवतील का, हे रोज सकाळी गेटवरच्या वहीत नाव लिहून आत जाईपर्यंत कळत नाही.